तारीख ठरलेलं बाळंतपण

ताईच्या दुसऱ्या बाळंतपणाची तारीख डॉक्टरांनी तीन आठवडे आधीच सांगितली. मंगळवार, सकाळी नऊ. हे ऐकून आज्जीनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"लग्नाची तारीख काढल्यावानी बाळंतपणाची तारीख काढलाव काय गं माय?"

आमचं घर औशाचं. आज्जीची स्वतःची पाच बाळंतपणं घरात झाली, सुईणीच्या हातून. ताईचं पहिलं बाळंतपण लातूरला झालं. रात्रभर कळा देऊन पहाटे धावपळीत सिझर करावं लागलं होतं. आणि आता दुसऱ्या वेळी पोटावर जुनी चीर, शिवाय बाळ पायाळू, म्हणजे डोकं वर आणि पाय खाली. डॉक्टरांनी दोन्ही गोष्टी समजावून सांगितल्या आणि ताईनं ठरवलेलं सिझर मान्य केलं.

आज्जीला राग आला नव्हता, ती घाबरली होती. त्या रात्री तिनं मला तिच्या आईची गोष्ट सांगितली. ती गोष्ट पुढं येईलच. पण त्यानंतर मी सिझरचा इतिहास वाचत सुटले. दवाखान्याच्या बाकावर बसून, मोबाइलवर, ताईच्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. त्या मंगळवारी ताईला जे जे करायला सांगितलं गेलं, उपाशी राहा, वाकून बस, दुसऱ्या दिवशी उठून चाल, त्यातल्या प्रत्येक गोष्टीमागं कुणाचा तरी जीव गेलेला आहे.

मेलेल्या बाईचं पोट

सिझर हे नाव ज्युलियस सीझरवरून आलं असं आपण सगळेच ऐकतो. सीझर असा जन्मला असणं जवळजवळ अशक्य आहे, कारण त्याची आई ऑरेलिया तो मोठा सेनापती झाला तरी जिवंत होती. त्या काळात पोट चिरलेली बाई जगत नसे. खरं तर पोट चिरायचं ते बाई गेल्यावरच. गरोदर बाई मेली तर मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा रोमचा जुना कायदा होता. नाव त्या कायद्यावरून पडलं की 'कापणं' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, यावर अजून वाद आहेत.

आपल्याकडं बिंदुसाराची कथा आहे. चंद्रगुप्त मौर्याची गरोदर राणी चुकून विष मिसळलेलं अन्न खाते. चाणक्य तिचं पोट चिरून मूल वाचवतो. विषाचा एक थेंब मुलाच्या कपाळाला लागलेला असतो, म्हणून तो बिंदुसार. जैन परंपरेतली ही कथा इतिहास म्हणून घेता येत नाही, पण तिच्यात राणीचं काय होतं ते बघा. ती मरते. कथेला त्याचं काही वाटत नाही, कारण वारस वाचलेला असतो.

सुश्रुतसंहितेत अडलेल्या बाळंतपणावर स्वतंत्र अध्याय आहे. अडलेल्या गर्भाला तिथं मूढगर्भ म्हटलंय आणि त्याचे चार प्रकार सांगितलेत. त्यातल्या एकाचं नाव परिघ, म्हणजे दाराचा अडसर. मूल आडवं येऊन वाट अडवून बसतं, म्हणून हे नाव. आई मेली आणि पोटात मूल हलत असेल तर वैद्यानं ताबडतोब पोट चिरून ते काढावं, असं ही संहिता सांगते. आई जिवंत असेल तर मूल हातानं वळवून काढायचे प्रयत्न, आणि मूल मेलेलं असेल तर ते तुकड्यांनी बाहेर काढणं. जिवंत मुलावर शस्त्र चालवू नये, त्यानं दोघंही जातात, हेही तिथं बजावलेलं आहे.

म्हणजे हजारो वर्षं सिझर हा आईला वाचवण्याचा उपाय नव्हताच. आई गेल्यावर उरलेलं वाचवण्याचा तो प्रयत्न होता. आई आणि मूल दोघंही जगावीत म्हणून पोट चिरायचं, ही कल्पना त्या मानानं अगदी अलीकडची आहे.

आधी हात आला

आता आज्जीच्या आईची गोष्ट. पोलीस ॲक्शनच्या आदल्या साली, म्हणजे 1947 मध्ये, आज्जी पाच-सहा वर्षांची होती. औसा तालुक्यातलंच एक खेडं. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात होता. आईला कळा सुरू झाल्या, सुईण आली. दुसऱ्या दिवशी आधी मुलाचा हात बाहेर आला. सुईणीनं तेल लावून हात आत सारायचा प्रयत्न केला, मग हात जोडले आणि म्हणाली, आता देवाच्या हातात. तिसऱ्या दिवशी आई गेली. मूल तिच्यासोबतच गेलं.

"बैलगाडी जुंपून ठेवली होती," आज्जी म्हणाली. "पण जायाचं कुठं, ते कुणालाच ठावं नव्हतं."

सुश्रुतानं ज्याला परिघ म्हटलं तेच हे. सुईणीला दोष देण्यात अर्थ नाही. सरळ येणारी शेकडो मुलं तिनं सोडवली असतील. आडव्या मुलापुढं ती हतबल होती.

या दुःखावर अभ्यास करणारी एक मराठी बाई त्याच्या साठ वर्षं आधी होऊन गेली होती. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचा मुलगा दहा दिवसांत गेला. त्या अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या, 1886 मध्ये. फिलाडेल्फियाच्या कॉलेजात त्यांनी जो प्रबंध दिला त्याचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पुढच्याच वर्षी, बाविसावं वर्षही पूर्ण व्हायच्या आत, त्या क्षयानं गेल्या. मुंबईत बायकांसाठी, बायका डॉक्टरांनी चालवलेलं कामा हॉस्पिटल उभं राहिलं ते 1886 मध्येच. औशाच्या बैलगाडीला मुंबई आणि फिलाडेल्फिया दोन्ही सारखीच लांब होती.

भूल: हैदराबादची देणगी

आणि तरीही या इतिहासाचं एक पान आपल्याच जुन्या राज्याच्या राजधानीत लिहिलं गेलं.

भूल यायच्या आधी सिझर म्हणजे काय, हे सांगायला एकच प्रसंग पुरेसा आहे. 1826 मध्ये केपटाउनला जेम्स बॅरी नावाच्या ब्रिटिश लष्करी सर्जननं मुन्निक नावाच्या बाईचं सिझर केलं. भूल नव्हतीच. बाई आणि मूल दोघंही जगली. कृतज्ञतेनं मुलाचं नाव जेम्स बॅरी मुन्निक ठेवलं गेलं, आणि तेच नाव पुढं दक्षिण आफ्रिकेच्या एका पंतप्रधानापर्यंत, हर्टझोगपर्यंत, पोचलं. बॅरी 1865 मध्ये वारल्यावर कळलं की हा डॉक्टर जन्मानं बाई होता. बायकांना वैद्यकीय शिक्षण बंद होतं, म्हणून आयुष्यभर तो पुरुष म्हणून जगला.

1846 मध्ये अमेरिकेत ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली. 1847 मध्ये एडिंबराच्या सिम्प्सननं बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरलं. 1853 मध्ये राणी व्हिक्टोरियानं आठव्या बाळंतपणात ते घेतलं आणि 'वेदना हा बाईचा भोगच आहे' म्हणणाऱ्यांचा आवाज जरा खाली आला. पण क्लोरोफॉर्मनं टेबलावरच माणसं दगावू लागली. हे मरण हृदय बंद पडून येतं की श्वास बंद पडून, यावर डॉक्टरांत जुंपली.

हा वाद सोडवायचा प्रयत्न झाला हैदराबादमध्ये. तिथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख एडवर्ड लॉरी यांनी निजाम महबूब अली खान यांच्या पैशातून 1888 आणि 1889 अशी दोन क्लोरोफॉर्म कमिशनं नेमली. दुसऱ्या वेळी 'लॅन्सेट'नं लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं, त्याचा खर्चही निजामाचा. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला की नाडीकडं नको, श्वासाकडं लक्ष ठेवा. क्लोरोफॉर्म थेट हृदय बंद पाडत नाही, हे त्यांचं म्हणणं पुढं 1911 मध्ये लेव्ही यांच्या प्रयोगांनी चुकीचं ठरवलं. पण भूल दिलेल्या माणसाच्या श्वासावरून नजर काढायची नाही, ही शिस्त राहिली. याच मेडिकल स्कूलमध्ये शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ म्हणून ओळखल्या जातात.

हे सगळं झालं त्याच राज्यात साठेक वर्षांनी आज्जीची आई तीन दिवस तडफडून गेली.

उपाशीपोटी, वाकून

मंगळवारी सकाळी ताईला सक्त सूचना होती. रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. पाण्याचे घोट कधीपर्यंत चालतील, ते भूल देणाऱ्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं होतं. आज्जीला हे मुळीच आवडलं नाही. "बाळंतिणीला उपाशी मारतेत का?"

या उपाशीपणामागं 1946 सालचा एक अभ्यास आहे. न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सननं दाखवून दिलं की पूर्ण भूल दिलेल्या बाळंतिणीच्या पोटातलं अन्न आणि आम्ल उलटून फुप्फुसात जातं आणि त्यानं जीव जाऊ शकतो. तेव्हापासून रिकाम्या पोटाचा नियम आला.

आता बहुतेक ठरलेल्या सिझरला पूर्ण भूल देतच नाहीत. कंबरेत मणक्यांच्या मधून बारीक सुई घालून औषध देतात. बाई उशी पोटाशी धरून, पाठीचा बाक काढून बसते. दोनचार मिनिटांत पाय गरम, जड होतात आणि मग हलेनासे होतात. बाई जागी असते. ही पद्धत जर्मनीच्या ऑगस्ट बीअरनं 1898 मध्ये सुरू केली. त्यानं ती स्वतःवर करून बघायला सांगितली आणि नंतर कित्येक दिवस डोकं इतकं दुखलं की त्याला अंथरुणातून उठवेना. तेव्हाची सुई जाड होती. आजची सुई केसाइतकी नाही, पण बरीच बारीक असते. तरी थोड्या बायकांना बसल्यावर डोकं दुखण्याचा त्रास होतो. तसं झालं तर सांगायचं, त्यावर उपाय असतात. 'त्या इंजेक्शननं जन्मभर कंबर धरली' हे मात्र सगळीकडं ऐकू येतं. अभ्यासांत त्याला आधार मिळत नाही. बाळंतपणानंतर कंबर पुष्कळ बायकांची दुखते, सुई टोचलेली असो वा नसो.

चीर आणि टाके

भूल आली तरी बायका मरतच होत्या. कशानं, तर रक्तस्रावानं आणि जंतुसंसर्गानं. आज ऐकायला विचित्र वाटेल, पण एकोणिसाव्या शतकात बरेच डॉक्टर गर्भपिशवी शिवतच नसत. ती आपोआप आकसते आणि आत ठेवलेले टाके सडतात, असा समज होता.

1876 मध्ये इटलीतल्या पाव्हियाला एदुआर्दो पोर्रोनं एक धाडसी गोष्ट केली. मुडदुसानं कंबरेची हाडं वाकडी झालेल्या एका पंचवीस वर्षांच्या बाईचं सिझर करून त्यानं गर्भपिशवीच काढून टाकली. पिशवीच नाही तर ती रक्त सांडणार कशी? बाई वाचली. पण जगण्याची किंमत म्हणजे पुन्हा मूल नाही. 1882 मध्ये जर्मनीच्या माक्स झेंगरनं चांदीच्या तारेनं आणि रेशमानं गर्भपिशवी नीट शिवून दाखवली. आदल्या वर्षी केरर यानं पिशवीच्या खालच्या भागात आडवी चीर घेतली होती. तिथली भिंत पातळ असते, रक्त कमी जातं, टाके धरतात. 1920च्या दशकात ग्लासगोच्या मनरो कर यांनी ही आडवी चीर रूढ केली. कातडीवरची ओटीपोटाखालची आडवी चीर आहे फानेनश्टीलची, 1900 सालची. तिचा व्रण साडीच्या, सलवारच्या नाडीखाली झाकला जातो.

याच्या जोडीला दुसरीकडून मदत येत होती. 1901 मध्ये लँडस्टायनरनं रक्तगट शोधले. 1930च्या दशकात सल्फा, 1940च्या दशकात पेनिसिलिन आलं. 1953 मध्ये द्यू व्हिन्यो यांनी ऑक्सिटोसिन प्रयोगशाळेत बनवलं. मूल बाहेर आल्यावर पिशवी आकसावी म्हणून सलाइनमधून जे औषध देतात ते हेच.

आता ताईच्या टेबलापाशी या. चीर द्यायच्या आधी जंतू मारणाऱ्या औषधाचं इंजेक्शन. लघवीची नळी, कारण मूत्राशय चिरीच्या अगदी शेजारी असतं. छातीपुढं हिरवा पडदा. कातडी, चरबी आणि तिच्याखालचं मजबूत आवरण कापतात. पोटाचे स्नायू मात्र कापत नाहीत, बाजूला सारतात. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं चांगलंच कळतं. ताई म्हणाली, "पोटात कुणीतरी भांडी घासतंय असं वाटलं." मूल पहिल्या पाच-दहा मिनिटांतच बाहेर येतं. नंतरचा अर्धा-पाऊण तास वार काढायला आणि थर थर शिवायला लागतो. अंगाला हुडहुडी भरते. ती भूल आणि थंड खोलीमुळं, ताप नव्हे.

या यादीवर एकदा मागं वळून नजर टाका. मणक्यातली भूल, खालची चीर, टाके, रक्तगट, पेनिसिलिन हे सगळं 1947 पर्यंत जगात आलेलं होतं. आज्जीची आई अज्ञानाच्या युगात गेली नाही. तिला वाचवणारी प्रत्येक गोष्ट पृथ्वीवर कुठं ना कुठं शिकवली जात होती. ती औशापर्यंत आलेली नव्हती, इतकंच.

ती यायला किती वर्षं लागली? लातूरला विवेकानंद रुग्णालय सुरू झालं 1966 मध्ये. अंबाजोगाईचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1970च्या दशकात, नांदेडचं 1988 मध्ये. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला 1982 मध्ये आणि तिथं सरकारी मेडिकल कॉलेज आलं 2002 मध्ये. 2011 पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण मोफत झालं. त्यात सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडीसुद्धा आली. औशाहून लातूर वीसेक किलोमीटर. आज्जीच्या आईच्या बैलगाडीला तेवढं अंतर कापता आलं असतं. तिथं पोचल्यावर दार मात्र नव्हतं.

मंगळवारच का

ताईच्या सासरकडून फोन आला होता की गुरुवारी चांगला मुहूर्त आहे, तेवढं बघा. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या, एक-दोन दिवस पुढंमागं चालेल, पण आठवडे कमी करणार नाही.

दुसरी काही अडचण नसेल तर ठरलेलं सिझर 39 आठवडे पूर्ण झाल्यावर करतात. 2009 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. 37-38 आठवड्यांत केलेल्या ठरलेल्या सिझरच्या बाळांना श्वासाचे त्रास जास्त झालेले त्यात दिसले. पोटातले शेवटचे आठवडे फुप्फुसांच्या कामाचे असतात. पंचांगाला फुप्फुसं दिसत नाहीत.

पायाळू बाळासाठी सिझर, हेही तसं अलीकडचं. आज्जीच्या काळी पायाळू मुलं घरीच जन्मत. काही वाचत, काहींचं डोकं अडकत असे. 2000 मध्ये अनेक देशांत मिळून केलेल्या एका मोठ्या चाचणीत पायाळू बाळांसाठी ठरलेलं सिझर जास्त सुरक्षित दिसलं आणि बघता बघता जगभरची पद्धत बदलली. त्या अभ्यासावर नंतर टीकाही झाली. निवडक बायकांना, तयार हातांखाली, पायाळू बाळंतपण नीट होऊ शकतं असं म्हणणारे डॉक्टर आहेत. पण ते हात आता कमी होत चाललेत.

दुसऱ्या दिवशी चाल

पहिली रात्र अवघड. भूल उतरली की चीर बोलायला लागते. दुखतंय तर दुखतंय म्हणून सांगायचं आणि वेळेवर औषध घ्यायचं. सोसण्यात शौर्य नाही, कारण दुखण्यानं बाई आखडून पडली की दूध पाजणंही लांबतं. सगळं ठीक असेल तर तासाभरात बाळ छातीशी देता येतं. सिझरमुळं दूध येत नाही हे खरं नाही. काहींना ते जरा उशिरा उतरतं, तरी बाळाला लावत राहायचं. कुशीवर झोपून किंवा बाळ बगलेत धरून पाजलं तर टाक्यांवर वजन येत नाही.

दुसऱ्या दिवशी नर्सनं ताईला उठवून उभं केलं तेव्हा आज्जी भांडायलाच उठली. तिच्या हिशोबानं बाळंतीण निदान दहा दिवस बाजेवर. गंमत म्हणजे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतले दवाखानेही आज्जीसारखेच होते. बाळंतिणीला दीड-दोन आठवडे पलंगावरून हलू देत नसत. पडून राहिल्यानं पायांतल्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात जाऊन जीव घेतात, हे जसं ध्यानात आलं तशी 1940च्या दशकात ही पद्धत मोडली. म्हणून लवकर चालायचं. खोकताना, हसताना, उठताना चिरीवर उशी दाबून धरायची. कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठायचं, सरळ नाही.

तीन-चार दिवसांत घरी. तिथं पुढचा महिनाभर आपल्या सगळ्यांच्या आज्ज्यांचं राज्य असतं, आणि ते सगळंच मोडीत काढायचं कारण नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, जेवणावर बाळंतशेपा, कामाला सुट्टी, अंगाला तेल, सव्वा महिना कुणीतरी हाताखाली असणं. शेवटची गोष्ट तर औषधाइतकीच मोलाची. देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं 2019-21चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं. अशा देशात बाईला निदान सव्वा महिना पोटभर खायला घालणारी रीत जपायलाच हवी, लोहाच्या गोळ्यांच्या जोडीनं.

तीन गोष्टींवर मात्र आम्ही आज्जीशी वाद घातला. बाजेखाली शेगडी नको, कारण टाके कोरडे राहायला हवेत आणि धूर बाळालाही नको. पाणी तोडायचं नाही, दूध त्यातूनच येतं. आणि चिरीवर हळद-राख काही लावायचं नाही. चोळणं पाठीला, पायांना. सहा आठवडे बाळाहून जड काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची घागरही नाही.

अंगावरून जाणं सिझरनंतरही चार-सहा आठवडे असतं, याचं बऱ्याच जणींना आश्चर्य वाटतं. चिरीभोवतीची कातडी काही महिने बधिर राहते, तेही चालतं. पण ताप, चिरीतून पू, घाण वास, तासाला पॅड भिजेल असा रक्तस्राव, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, धाप, डोकं फुटेल असं दुखून डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. आणि पंधरा दिवसांनंतरही रडू थांबत नसेल, बाळाकडं बघवत नसेल, तर तोही आजारच आहे. त्यासाठीही डॉक्टर असतात.

नसण्यापासून फार होण्यापर्यंत

2005-06 मध्ये देशातली 8.5 टक्के बाळंतपणं सिझरची होती. 2019-21 मध्ये 21.5 टक्के. महाराष्ट्रात 25.4, तेलंगणात तर 60.7. देशभरात सरकारी दवाखान्यात 14.3 टक्के आणि खासगीत 47.4 टक्के. बायकांची शरीरं दवाखान्याच्या पाटीप्रमाणं बदलत नाहीत. 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं 10 ते 15 टक्क्यांपुढं सिझर जाण्याचं समर्थन करता येत नाही असं म्हटलं होतं. अडलेल्या बायका एकट्या खासगी दवाखान्यातच येतात असं नाही. मग उरलेली सिझरं कशासाठी, हा प्रश्न विचारायलाच हवा. पैसा आहे, डॉक्टरच्या वेळेची सोय आहे, खटल्याची भीती आहे. आमची कळांची भीती आणि आमचे मुहूर्तही आहेत.

कारण सिझर फुकट मिळत नाही. पिशवीवरचा व्रण पुढच्या गरोदरपणात सोबत येतो. प्रत्येक सिझरनंतर वार त्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. 'एकदा सिझर की कायम सिझर' हे न्यूयॉर्कच्या क्रॅगिनचं 1916 मधलं म्हणणं. ते उभ्या चिरीच्या जमान्यातलं. खालच्या आडव्या चिरीनंतर पुष्कळ जणींना पुढचं बाळंतपण नैसर्गिक करता येतं. जुना व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक असतो, म्हणून ते तिथंच करायचं जिथं लागलीच सिझर करता येईल.

म्हणून तारीख मिळाली की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारायचे. सिझर का? याच आठवड्यात का? आणि थांबलो तर काय होईल? ताईनं हे तिन्ही विचारले. तिला तिन्हींची उत्तरं मिळाली, म्हणून ती निवांत झोपली. ज्या बाईला उत्तराऐवजी 'तुम्हाला काय कळतंय' ऐकायला मिळतं, तिनं दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही. आणि जिला खरंच कारण आहे, तिला 'कळा न सोसता आई झाली' असं म्हणणाऱ्यांनी ते टाके एकदा बघावेत.

2018-20च्या आकड्यांप्रमाणं महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागं 33 माता दगावतात. देशात 97. आज्जीच्या आईची नोंद कुठंच नाही.

पाचवी पुजायच्या दिवशी ताई घरी आली. आज्जीनं सगळ्यात आधी मला बाजूला घेऊन विचारलं, बाळ पोटातून काढलं ते खरं, पण आधी काय आलं? मी ताईला विचारून सांगितलं, पाय. मग झालं तर, आज्जी म्हणाली, पायाळूच की. पायाळू माणसाचा पाय लागला की भरलेली उसण उतरते, अशी आपल्याकडं समजूत आहे. संध्याकाळी ती बाजेशेजारी पाठ करून बसली आणि ताईला म्हणाली, "लाव गं लेकराचे पाय माझ्या कंबरेला."